जुन्नर आणि त्याचा परिसर : एका स्थलाभ्यासाची टिपणे

१

इतिहासाचा विद्यार्थी कागदपत्रांवर पोसला जातो आणि ते योग्यच आहे. परंतु कागद ज्या भूमीविषयी बोलतो ती भूमी डोळ्यांखालून घातल्याशिवाय त्याचा अर्थ पुष्कळदा निम्माच हाती लागतो. या विचाराने विभागातील पदव्युत्तर विद्यार्थ्यांसमवेत जुन्नर व त्याचा परिसर पाहण्याचा योग आला. त्या प्रसंगी जी चर्चा झाली तिचा सारांश, काही ठिकाणी विस्तार करून, येथे मांडला आहे. नवीन शोध प्रसिद्ध करण्याचा आव या लेखात नाही. उपलब्ध साधनांचे वजन जागेवर उभे राहून पुन्हा एकदा करून पाहावे, एवढाच त्याचा हेतू आहे.

जुन्नर हे पुण्याच्या उत्तरेस सुमारे ९० किलोमीटरांवर कुकडी नदीच्या काठी वसलेले तालुक्याचे गाव. मुंबई इलाख्याच्या जुन्या गॅझेटियरपासून आजपर्यंत त्याची ओळख दोन गोष्टींनी करून देण्याची प्रथा आहे : शिवछत्रपतींचे जन्मस्थान शिवनेरी आणि अष्टविनायकांपैकी एक असलेले लेण्याद्री. दोन्ही गोष्टी खऱ्या आहेत. पण बहुतेक प्रवासी या दोन ठिकाणी जाऊन परत फिरतात आणि मधले गाव, त्याभोवतीचे डोंगर व पश्चिमेची घाटवाट ही सगळी पाहावयाची राहून जातात. वास्तविक शिवनेरी तेथे का बांधला गेला आणि लेण्याद्रीचा डोंगर कोणी व कशासाठी कोरला, या दोन्ही प्रश्नांची उत्तरे या न पाहिलेल्या भागातच आहेत. म्हणून आम्ही क्रम उलटा केला. प्रथम नाणेघाट, नंतर लेणी, त्यानंतर गाव आणि सर्वांत शेवटी किल्ला.

२

जुन्नरहून पश्चिमेस निघाल्यावर रस्ता माणिकडोह जलाशयाच्या बाजूने जातो. वाटेत चावंडचा किल्ला लागतो, उत्तरेस हडसर दिसतो आणि घाटघरजवळ पोहोचले की जीवधन समोर उभा राहतो. शिवनेरी धरून हे चार किल्ले एकाच वाटेवर पहारा ठेवतात, हे नकाशावर पाहिल्यापेक्षा प्रत्यक्ष चालताना अधिक स्पष्ट होते. एवढ्या थोड्या अंतरात चार दुर्ग उभारावेत असे या खोऱ्यात काय होते, हा पहिला प्रश्न. त्याचे उत्तर घाटाच्या तोंडाशी मिळते.

नाणेघाट म्हणजे सह्याद्रीच्या धारेत पडलेली एक अरुंद खिंड. खाली मुरबाड तालुक्यातील वैशाखरे, वर घाटघरचे पठार. कल्याण व सोपारा या बंदरांतून निघालेला माल देशावर चढविण्याची ही प्राचीन वाट. खिंडीच्या वरच्या तोंडाजवळ कातळात एक मोठी खोली खोदलेली आहे. तिच्या तिन्ही बाजूंना बसण्यासाठी ओटा आहे, डाव्या व उजव्या भिंतींवर दीर्घ ब्राह्मी लेख आहे आणि मागील भिंतीवर एके काळी उठावाच्या मूर्ती होत्या. मूर्ती आता जवळजवळ नाहीशा झाल्या आहेत. त्यांच्यावरील नावे मात्र शिल्लक आहेत. सिमुक सातवाहन, देवी नायनिका व राजा श्री सातकर्णी, कुमार भाय, महारठी त्रनकयिर, कुमार हकुसिरि आणि कुमार सातवाहन अशी ती नावे. महाराष्ट्रातील पहिल्या ज्ञात राजकुलाची ही एक प्रकारची कुलदीर्घिकाच होय. कर्नल साइक्स याने एकोणिसाव्या शतकाच्या पूर्वार्धात हे स्थळ विद्वानांच्या नजरेस आणले. पुढे पंडित भगवानलाल इंद्रजी व ब्यूलर यांच्या परिश्रमाने लेखाचे वाचन सिद्ध झाले.

लेखाचा आरंभ धर्म, इंद्र, संकर्षण व वासुदेव, चंद्र व सूर्य आणि चार लोकपाल यांच्या वंदनाने होतो. पुढे अग्न्याधेय, राजसूय, दोन अश्वमेध, गवामयन, आप्तोर्याम इत्यादी यज्ञांची व त्यांत दिलेल्या दक्षिणेची यादी येते. गाई, हत्ती, घोडे, गावे व कार्षापण यांच्या संख्या अंकांत दिल्या आहेत, त्यामुळे भारतीय अंकलेखनाच्या इतिहासातही या लेखाला मोठे स्थान आहे. लेखातील राणीला व्रतस्थ, महिना महिना उपवास करणारी, घरात राहूनच तापसीप्रमाणे वागणारी अशी विशेषणे आहेत. वेदिसिरि व सतिसिरि हे तिचे पुत्र. ही राणी म्हणजे नायनिका, अर्थात संस्कृतात नागनिका, असे सामान्यतः मानले जाते. यज्ञ तिने स्वतः केले, की पतीने केलेल्या यज्ञांची नोंद तिने करविली, याविषयी विद्वानांत मतभेद आहेत. लेख जागोजागी खंडित असल्यामुळे हा वाद केवळ व्याकरणाच्या बळावर मिटण्यासारखा नाही. काळाच्या बाबतीतही इ. स. पू. दुसऱ्या शतकाचा शेवट ते पहिले शतक अशी मतांची कक्षा आहे.

येथे विद्यार्थ्यांनी एक गोष्ट विशेष ध्यानात ठेवावी. घाटाच्या तोंडाशी एक मोठा दगडी रांजण आहे. या रांजणात जकातीची नाणी टाकीत असत आणि म्हणूनच घाटास नाणेघाट म्हणतात, असे स्थानिक परंपरा सांगते. इंग्रजी लेखकांनी या घाटाचे नाव 'नाना' असे लिहिले असून शेजारच्या कड्यास नानाचा अंगठा म्हणतात. तेव्हा नावाची व्युत्पत्तीही एकमुखी नाही. या रांजणाच्या आधारे कोरलेल्या खोलीला 'सातवाहनांचे जकातनाके' म्हणण्याची रीत पडली आहे आणि अभ्यासपूर्ण ग्रंथांतही ती शिरली आहे. परंतु एवढ्या प्रदीर्घ लेखात जकातीसंबंधी एक अक्षरही नाही. जे वाचावयास मिळते ते यज्ञ, दक्षिणा आणि राजकुल यांविषयीचे आहे.

मग जकात नव्हतीच असे म्हणावयाचे काय? नव्हे. ज्या खिंडीतून बैलांची रांग एकापाठोपाठ एक चढविल्यावाचून गत्यंतर नव्हते, तेथे कर वसूल करण्यासारखी सोय दुसरीकडे क्वचितच सापडेल. तर्क सबळ आहे. पण तो तर्क आहे, लेखातील पुरावा नव्हे. लेखाने खरोखर सिद्ध होते ते इतकेच, आणि माझ्या मते ते जकातीहून अधिक मोलाचे आहे, की राजकुलाने आपल्या वैभवाचे वर्णन राजधानीत न कोरता व्यापाऱ्यांच्या वाटेवर, ते जेथे दम घेण्यास थांबत तेथे, कोरले. हा लेख कोणी वाचावा अशी अपेक्षा होती, हे त्याच्या जागेवरून कळते. पुस्तकात छापलेल्या पाठावरून ते कळत नाही.

३

घाटावरून जुन्नरकडे परत येताना लेण्यांचे डोंगर एकामागून एक सामोरे येतात. तुळजा, शिवनेरी, लेण्याद्री आणि मानमोडी हे चार प्रमुख समूह. त्यांपैकी मानमोडीचे भीमाशंकर, अंबा-अंबिका व भूतलिंग असे पोटभेद. लहानमोठी खोदकामे धरून संख्या दोनशेच्या आसपास जाते. एका गावाभोवती इतकी लेणी भारतात अन्यत्र विरळाच. त्यांत वेरूळची भव्यता नाही, अजिंठ्याचे रंग नाहीत. बुद्धमूर्तीही मूळ खोदकामात नाही. त्यामुळे सौंदर्याच्या शोधात आलेला प्रवासी थोडासा निराश होतो. मात्र तुळजा समूहातील वर्तुळाकार चैत्यगृह, ज्यात बारा अष्टकोनी खांबांच्या कड्यामध्ये स्तूप व वर घुमटाकार छत आहे, पाहिल्यावर स्थापत्याच्या अभ्यासकाचे समाधान व्हावे. इतिहासाच्या विद्यार्थ्याचे खरे धन आहे ते लेखांत.

हे लेख अगदी लहान आहेत. बहुधा एका ओळीत दात्याचे नाव, त्याचे गाव किंवा व्यवसाय, आणि दान दिलेली वस्तू. लेण्याद्रीचे सहाव्या क्रमांकाचे चैत्यगृह कल्याण येथील हेरणिकाचा पुत्र सुलसदत याने दिले. दुसऱ्या एका ठिकाणी भरुकच्छ, म्हणजे आजचे भडोच, येथील बुधमित व बुधरखित या दोघा भावांचे दान आहे. शिवनेरीवरील चैत्यगृह गृहपतींचा प्रमुख वीरसेनक याचे. धान्याच्या व्यापाऱ्यांच्या श्रेणीने सात खोल्यांचे लेणे व पाण्याचे टाके दिले. बांबूकाम करणारे व कासार यांच्या श्रेणींकडे ठेवी ठेवल्याचे उल्लेख आहेत. अडुथुम नावाच्या एका शक उपासकाने करंज व वड लावण्यासाठी जमिनीचे उत्पन्न लावून दिले. शिवनेरी व मानमोडी येथे मिळून तीन दाते स्वतःस यवन म्हणवितात : इरिल, चिट आणि चंद. त्यांपैकी दोघांच्या नावापुढील 'गतान' या शब्दावरून ते गॉथ असावेत असे मत एके काळी मांडले गेले. ते मान्य झाले असे मात्र म्हणता येत नाही.

ही यादी नीट पाहिली असता एक विसंगती नजरेत भरते. घाटाच्या तोंडाशी राजकुल बोलते आणि वैदिक यज्ञांविषयी बोलते. थोड्याच अंतरावर गावाभोवतीच्या डोंगरांत व्यापारी, कारागीर, शेतमालाचे दलाल व परदेशी बोलतात आणि बौद्ध संघाला दान देतात. नाशिक व कार्ले येथे सातवाहन राजांनी संघाला दिलेली दाने आहेत. जुन्नरच्या उपलब्ध लेखांत मात्र सातवाहन राजाचे दान आढळत नाही. दोनशे खोदकामांचा खर्च मुख्यतः नागरिकांनी उचलला, असाच याचा अर्थ होतो. म्हणजे जुन्नर हे त्या काळी राजाच्या कृपेने फुललेले नगर नसून स्वतःच्या व्यापारावर उभे राहिलेले नगर होते. पाण्याची टाकी, भोजनमंडप, खोल्या, झाडे अशी दाने देणाऱ्याला भिक्षूंच्या नित्य गरजा जवळून ठाऊक होत्या. ही माणसे दूर राहणारी आश्रयदाती नव्हती, शेजारी होती.

४

एवढ्या संपन्न नगराचे प्राचीन नाव काय? 'जीर्णनगर' किंवा 'जुने नगर' यावरून जुन्नर, ही प्रचलित व्युत्पत्ती. पण कोणतेही नगर जन्मतः जुने नसते. ज्यांनी त्यास जुने म्हटले ते नंतर आलेले लोक होत. तेव्हा मूळ नाव या नावाखाली गाडले गेले आहे.

पेरिप्लस या नावाने प्रसिद्ध असलेल्या, इसवी सनाच्या पहिल्या शतकातील ग्रीक नौकानयनाच्या मार्गदर्शिकेत दक्षिणापथातील दोन मोठ्या बाजारपेठा सांगितल्या आहेत : पैठण आणि तगर. पैठण निःसंशय निश्चित आहे. तगर कोणते, यावर एकोणिसाव्या शतकात मोठा वाद झाला. देवगिरी, धारूर अशी निरनिराळी नावे पुढे आली. पंडित भगवानलालांनी जुन्नरचे नाव सुचविले. लेण्याद्री, मानमोडी व शिवनेरी या तीन डोंगरांवरून त्रिगिरि आणि त्रिगिरीचे तगर, अशी त्यांची उपपत्ती. जुन्नरच्या मध्यभागी उभे राहून चहूकडे पाहिले की ही कल्पना त्यांना का सुचली हे लगेच कळते. डोंगर तीन बाजूंनी खरोखरच गावावर ओणवलेले आहेत.

पण भूदृश्य मोहक असले म्हणजे उपपत्ती खरी ठरत नाही. तगर पैठणच्या पूर्वेस दहा दिवसांच्या वाटेवर, असे पेरिप्लस सांगतो. जुन्नर तर पैठणच्या पश्चिमेस. फ्लीट यांनी १९०१ साली दिशा, अंतर व कोरीव लेखांतील उल्लेख यांची सांगड घालून तगर म्हणजे मराठवाड्यातील तेर, हे दाखवून दिले. पुढे तेर येथे सापडलेल्या सातवाहनकालीन व रोमन संबंध दर्शविणाऱ्या अवशेषांनी त्या मतास बळकटी आली. आज तो वाद मिटल्यात जमा आहे. भगवानलालांसारख्या प्रकांड पंडिताची ही चूक मी मुद्दाम सांगत आहे. ज्यांनी नाणेघाटाचा लेख आपल्या हाती दिला, त्यांचीच एक उपपत्ती टिकली नाही. त्यांच्याविषयीचा आदर त्यामुळे अणुमात्र उणावत नाही. उलट, ध्वनिसाम्य हा स्थाननिश्चितीचा शेवटचा आधार असावा, पहिला नव्हे, हा धडा त्यांच्यामुळेच आपणांस मिळाला.

आणखी एक विचार येथे सुचतो. आपण नावाच्या मागे इतके लागतो, याचे कारण नाव मिळाले की त्या नगराला ग्रंथांतील उल्लेखांचे तयार चरित्र आपोआप लाभते. जुन्नरला ते लाभलेले नाही. पण कल्याणचा सुलसदत व भडोचचे दोघे भाऊ एकाच गावाच्या डोंगरांत दान देतात, यावरून जे कळते ते एखाद्या नावाहून कमी नाही. पेरिप्लसमध्ये कल्याण व भरुकच्छ ही परस्परांशी स्पर्धा करणारी बंदरे आहेत. जुन्नरचा व्यापारसंबंध दोहोंशी होता. नाव हरवले तरी नगराचे काम हरवलेले नाही.

५

या दोन बंदरांच्या स्पर्धेचा संबंध मानमोडीवरील एका लहानशा लेखाशी पोहोचतो. महाक्षत्रप स्वामी नहपान याचा अमात्य, वत्सगोत्री अयम, याने टाके व मंडप दिल्याची ती नोंद आहे. शेवटी 'वर्ष ४६' असा काल आहे. नहपानाची ज्ञात असलेली ही अखेरची तिथी. सातवाहन–क्षत्रप कालगणनेचा बराचसा भार या दोन अंकांवर आहे, असे म्हटल्यास अतिशयोक्ती होणार नाही.

हे वर्ष शक संवताचे मानले तर इ. स. १२४ येते. गौतमीपुत्र सातकर्णीने नहपानाचा पराभव केला तो त्यानंतर लवकरच, अशी मांडणी मग करता येते. दीर्घकाळ हीच मांडणी बहुतेकांनी स्वीकारली होती. परंतु पेरिप्लसमध्ये भरुकच्छच्या मागील प्रदेशाचा राजा म्हणून जो मंबनस येतो, तो नहपानच असे मानल्यास आणि तो ग्रंथ पहिल्या शतकाच्या मध्याचा धरल्यास, नहपानाचा काल अर्ध्या शतकाहून अधिक मागे जातो. मग ४६ हे संवताचे नसून नहपानाच्या स्वतःच्या राज्यवर्षांचे ठरते. अलीकडच्या नाणकशास्त्रीय अभ्यासाचा कल या दुसऱ्या मताकडे अधिक दिसतो. नाशिक जिल्ह्यातील जोगळटेंभी येथे १९०६ साली सापडलेल्या तेरा हजारांहून अधिक नाण्यांच्या साठ्यात नहपानाच्या नऊ हजारांहून अधिक नाण्यांवर गौतमीपुत्राने आपला छाप मारलेला आहे. यावरून पराभव निश्चित. त्याचा शक मात्र या ४६ च्या अर्थावर अवलंबून आहे.

पेरिप्लसचा कर्ता सांगतो की कल्याण पूर्वी कायदेशीर बंदर होते, पण सत्तापालटानंतर तेथे चुकून आलेली ग्रीक जहाजे पहाऱ्यात भरुकच्छला नेली जातात. कल्याणची वाट म्हणजे नाणेघाट आणि नाणेघाटाचे वरचे ठाणे म्हणजे जुन्नर. त्या जुन्नरात क्षत्रपाचा अमात्य बसलेला आपणांस दिसतो. समुद्रावरील नाकेबंदी व घाटमाथ्यावरील अंमल या एकाच धोरणाच्या दोन बाजू असाव्यात, असे अनुमान करण्यास हरकत नाही. हे अनुमान कोणत्या शतकात बसवावयाचे, ते पुन्हा त्याच दोन अंकांवर ठरणार. टाक्याजवळील त्या लेखासमोर विद्यार्थी बराच वेळ उभे होते. पुस्तकातील कालपटाची एक रेघ केवढ्या लहानशा दगडावर तोललेली असते, हे त्यांनी पाहिले.

६

मध्ययुगातही जुन्नरचे महत्त्व त्याच वाटांमुळे टिकले. बहमनी काळात, इ. स. १४७० च्या सुमारास, त्वेर येथील अफनासी निकितिन हा रशियन व्यापारी होर्मुझमार्गे घोडा घेऊन चौलला उतरला आणि पालीवरून जुन्नरला आला. म्हणजे कोकणातून जुन्नरला येणाऱ्या वाटा एकाहून अधिक होत्या, हे लक्षात घ्यावे. त्याने येथे पावसाळा काढला. अहोरात्र पडणारा पाऊस, चिखल, त्या दिवसांतील नांगरणी-पेरणी, घोड्यांना दिले जाणारे हरभरे यांचे त्याने केलेले वर्णन आजही ओळखू येते. येथील सुभेदार असदखान याने त्याचा घोडा काढून घेतला आणि धर्मांतर केल्यास घोड्यासह हजार मोहरा देईन, असे सांगून चार दिवसांची मुदत दिली. एका खुरासानी गृहस्थाच्या मध्यस्थीने तो या संकटातून सुटला. या हकिगतीत एका माणसाची व्यथा आहेच. शिवाय आयात घोड्याचे मोल केवढे होते आणि तो बंदरातून कोणत्या दिशेने जात असे, याचीही साक्ष आहे.

पुढे मलिक हसन बहरी याचा पुत्र मलिक अहमद याने १४९० साली येथूनच स्वातंत्र्य पुकारले आणि निजामशाहीची स्थापना झाली. १४९४ मध्ये त्याने अहमदनगर (आजचे अहिल्यानगर) वसविले, तेव्हा राजधानी तिकडे गेली. पण राज्यावर संकट येताच ते पुन्हा या डोंगरांचा आश्रय घेते, असे दिसते. बहादुर निजामशहाला बालपणी चावंडवर ठेवले होते. मलिक अंबराने १६०७ च्या सुमारास राजधानी काही काळ जुन्नरला आणली. निजामशाहीच्या अखेरच्या पर्वात शहाजीराजांनी ज्या बाल मुर्तजाच्या नावे राज्य चालविले, तो जीवधनवर होता. ज्या खोऱ्यात राज्य जन्मले, तेथेच त्याने अखेरचा श्वास घेण्याचा प्रयत्न केला. १६३६ च्या तहानंतर जुन्नर व शिवनेरी मोगलांकडे गेले. गावाच्या पूर्वेस हापूसबाग येथे हबशी घुमट व सौदागर घुमट या त्या काळच्या वास्तू उभ्या आहेत. हापूसबाग या नावाचा आंब्याशी संबंध नाही. हबशीबाग याचाच तो अपभ्रंश समजला जातो.

१९ फेब्रुवारी १६३० रोजी शिवनेरीवर शिवाजीराजांचा जन्म झाला. येथे एक गोष्ट सांगितली पाहिजे, कारण ती पुष्कळदा विसरली जाते. राजांनी १६५७ साली रात्री दोराच्या शिड्या लावून जुन्नर शहर लुटले आणि तीन लक्ष होन व दोनशे घोडे नेले. पण आपले जन्मस्थान असलेला किल्ला त्यांना त्यांच्या हयातीत कधीच मिळाला नाही. सात दरवाजे ओलांडून वर गेल्यावर आणि कडे पाहिल्यावर याचे कारण समजते. कंपनीचा वैद्य जॉन फ्रायर हा १६७० नंतरच्या दशकात मोगल सुभेदाराच्या निमंत्रणावरून मुंबईहून जुन्नरला आला होता. हजार कुटुंबांना सात वर्षे पुरेल एवढी सामग्री गडावर असल्याचे तो नमूद करतो. येताना त्याने चुकून अवघड घाट धरला; परतताना तो नाणेघाटाने उतरला, तेव्हा मिठाने लादलेल्या बैलांचा तांडा चढून येईपर्यंत त्याला खिंडीच्या तोंडाशी थांबावे लागले.

ज्या कोरीव खोलीजवळ नागनिकेच्या काळचे व्यापारी थांबले असतील, तेथेच सतराशे वर्षांनंतर एक इंग्रज वैद्य मिठाचे बैल मोजीत उभा राहिला. राजकुले बदलली, धर्म बदलले, बंदरे बदलली. कोकणचे मीठ देशावर येणे मात्र थांबले नाही.

७

आता गावाविषयी थोडे. जुन्नरच्या बाजारातून हिंडताना विद्यार्थ्यांना मी विचारले, की पेशवे दप्तराच्या रुमालांत तुम्ही जे कागद हाताळता ते कोठे तयार झाले असतील? त्यांपैकी कित्येक येथलेच. 'जुन्नरी कागद' ही मराठेशाहीच्या हिशेबी जगतातील परिचित वस्तू होती. येथील कागदी मंडळी जुन्या गोणपाटासारख्या टाकाऊ मालापासून हातकागद करीत. एकोणिसाव्या शतकात गिरणीच्या स्वस्त कागदाने हा धंदा खालावला आणि पुढे बंद पडला. आपण ज्या साधनावर इतिहास लिहितो, त्याचा स्वतःचाही इतिहास आहे आणि तो अशा लहान गावांच्या मोहल्ल्यांतून शोधावयाचा आहे. शाई, लेखणी व कागद यांच्याविषयी मराठीत अद्याप पुरेसे लिहिले गेलेले नाही. कोणी विद्यार्थी हा विषय प्रबंधासाठी घेईल तर त्याचे स्वागत होईल.

८

शेवटी एक चिंता व्यक्त केल्यावाचून राहवत नाही. जुलै २०२५ मध्ये 'मराठा लष्करी भूदृश्ये' या नावाखाली बारा किल्ल्यांचा युनेस्कोच्या जागतिक वारसा यादीत समावेश झाला आणि शिवनेरी त्यांपैकी एक आहे. ही सर्वांस आनंद देणारी घटना होय. परंतु या मान्यतेचा प्रकाश जेथे पडतो त्याच्या आसपास काळोख अधिक दाट वाटू लागतो, असाही अनुभव आहे. शिवनेरीच्याच पोटात कोरलेली बौद्ध लेणी आणि यवनांचे लेख किती जण पाहतात? नाणेघाटाच्या भिंतीवरील अक्षरे दर पावसाळ्यात थोडी थोडी झिजत आहेत. दोन हजार वर्षांपूर्वीच्या लेखाशेजारी कालपरवाच्या हौशी लोकांनी आपली नावे ओरखडलेली पाहून मन खिन्न होते. त्यांचा हेतू दुष्ट नसेल. आपले नाव मागे राहावे ही इच्छा सुलसदतालाही होतीच. फरक एवढाच, की त्याने नावाबरोबर एक चैत्यगृहही मागे ठेवले.

म्हणून विद्यार्थ्यांपुढे तीन कामे ठेवावीशी वाटतात. पहिले, जुन्नरच्या सर्व लेखांचे आजच्या स्थितीतील बारकाईने छायाचित्रण करून ते जुन्या ठशांशी ताडून पाहणे. कोणते अक्षर केव्हा नाहीसे झाले याची नोंद ही स्वतःच एक ऐतिहासिक नोंद ठरेल. दुसरे, वैशाखरे ते जुन्नर या वाटेवरील टाकी, फरसबंदी व मुक्कामाच्या जागा यांचे पायी सर्वेक्षण करणे. तिसरे, घाटाखालच्या व वरच्या गावांतील वृद्धांकडून या वाटेवरील वाहतुकीच्या आठवणी टिपून घेणे. हे काम थोड्याच वर्षांत अशक्य होईल. यांपैकी एकाही कामासाठी मोठ्या अनुदानाची आवश्यकता नाही. चालण्याची तयारी, स्वच्छ वही आणि लेखात जे नाही ते लेखावर न लादण्याचा संयम एवढे पुरे.

परतीच्या वाटेवर एका विद्यार्थिनीने प्रश्न केला, की जुन्नरचे खरे नाव कधी सापडेल काय? एखाद्या नव्या लेखाने ते सापडेलही. पण तोपर्यंत हे नगर अनामिक राहिले तरी अपरिचित राहण्याचे कारण नाही. त्याचे दाते आपणांस नावानिशी माहीत आहेत. त्यांनी लावलेल्या झाडांची जात माहीत आहे. त्यांच्या बैलांची वाट आपण चालून पाहिली आहे. पुष्कळ प्रसिद्ध राजधान्यांविषयी आपणांस याहून कमी माहिती असते.